उताराची प्रतवारी

५ जुलै २०२४. बर्गंडीतल्या न्युई-सँ-जॉर्ज या गावातून 'टूर द फ्रान्स'चे सायकलपटू ठरावीक अंतराने एकेक करून सुटत होते. टूरचा तो सातवा टप्पा, वैयक्तिक वेळचाचणीचा. एकूण २५.३ किलोमीटर, शेवट ज्युव्रे-शांबेर्तां गावात. बेल्जियमच्या रेम्को एव्हेनपूलने हे अंतर २८ मिनिटं ५२ सेकंदांत कापलं. सरासरी वेग ताशी साडेबावन्न किलोमीटरच्या वर. तादेय पोगाचार त्याच्यापेक्षा १२ सेकंदांनी मागे राहिला.

या दोन गावांमधलं अंतर सरळ रस्त्याने जेमतेम दहा-बारा किलोमीटर आहे. मग पंचवीस कसे झाले? आयोजकांनी सायकलपटूंना आधी पश्चिमेच्या डोंगराळ भागात चढवलं, क्युर्तिय-व्हेर्जीचा १.६ किलोमीटरचा सहा टक्क्यांचा चढ त्यांच्या वाट्याला घातला आणि मग खाली ज्युव्रेला आणून सोडलं. सरळ रस्ता डोंगराच्या पायथ्याने जवळजवळ सपाट जातो. त्यावर शर्यत लावली असती तर या प्रदेशाचा मुद्दाच हुकला असता, कारण इथे जे काही महत्त्वाचं आहे ते आडव्या रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी चढावं लागतं.

दिजों शहराच्या दक्षिण सीमेपासून सांतने गावापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची एक डोंगरधार आहे. तिचं तोंड पूर्वेकडे, सोन नदीच्या मैदानाकडे. या धारेला लोक नुसतं 'कोत' म्हणतात. उत्तरेचा अर्धा भाग कोत द न्युई, दक्षिणेचा कोत द बोन. द्राक्षमळ्यांचा पट्टा फार रुंद नाही. कुठे दोन किलोमीटर, कुठे त्याहून पुष्कळ कमी. खाली, साधारण २२० ते २३० मीटर उंचीवर, जुना राष्ट्रीय महामार्ग. त्याचं आताचं नाव डी ९७४. वर, चारशे मीटरच्या आसपास, झाडी. या दोहोंच्या मधल्या तिरक्या जमिनीवर जगातली सगळ्यात महाग वाइन होते.

पण सगळ्या तिरक्या जमिनीवर नव्हे. महामार्गाच्या खालच्या अंगाला माती खोल, जड आणि ओलसर असते. हिवाळा सरता सरता पडणारं दहिवर तिथेच साचतं. तिथल्या द्राक्षांची वाइन बहुतेक ठिकाणी साध्या 'बुर्गोन्य' या नावाने विकली जाते. महामार्ग ओलांडून चढ लागला की बाटलीवर गावाचं नाव येतं. आणखी वर, २५० ते ३०० मीटरच्या दरम्यान, मातीचा थर पातळ होतो, खाली चुनखडीचा भेगाळलेला दगड असतो, पाणी झिरपून जातं आणि सकाळचं ऊन नीट अंगावर येतं. हा 'ग्रां क्रू'चा टापू, म्हणजे सर्वोच्च प्रत. त्याच्या वर आणि आजूबाजूला 'प्रीमिए क्रू'. त्याहून वर गेलं की माती इतकी विरळ आणि हवा इतकी गार होते की वेल सोडून झाडीच बरी. गाडीतून जाणाऱ्याला या पायऱ्या दिसत नाहीत, कारण दोन टक्क्यांचा चढ इंजिनाला जाणवतच नाही. सायकलस्वाराला तो लगेच कळतो. मांडीवर भार यायला लागला, एक गिअर उतरवावा लागला, की समजावं, आजूबाजूच्या बाटलीची किंमत वाढली.

ही प्रतवारी कागदावर आली विसाव्या शतकात, पण तिची मुळं मठांच्या वह्यांमध्ये आहेत. न्युईच्या पूर्वेला मैदानात सितो हा मठ १०९८ मध्ये स्थापन झाला. तिथल्या भिक्षूंनी शतकानुशतकं मळ्यांचे तुकडे वेगळे ठेवले, त्यांना नावं दिली, भिंती घातल्या. अशा नाव असलेल्या तुकड्याला इथे 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेले.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध भिंतबंद तुकडा म्हणजे क्लो द व्हुजो. सुमारे पन्नास हेक्टर, एकेकाळी सगळा सितोच्या मठाचा. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे नेपोलियनच्या कायद्याने वारसांना समान वाटे मिळू लागले. आज या एका कुंपणाच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी. सातबाऱ्यावर भाऊबंदांची रांग लागलेली ज्याने पाहिली आहे त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

आणि इथेच प्रतवारीत एक गंमत आहे. क्लो द व्हुजोची भिंत खाली थेट महामार्गाला येऊन टेकते. शेजारच्या गावांत ज्या पातळीवर साधी वाइन होते, त्या पातळीवरची जमीनही या भिंतीच्या आत असल्यामुळे कायद्याने ग्रां क्रू ठरते. भिक्षू खालच्या, मधल्या आणि वरच्या भागांतला माल एकत्र करत असत, असं सांगतात. आज मालक वेगवेगळे असल्यामुळे जाणकार ग्राहक आधी विचारतो, तुमच्या ओळी वर आहेत की खाली? महामार्गाजवळून मळ्याच्या वरच्या टोकापर्यंतचा चढ सायकलला किरकोळ आहे, दम लागण्यासारखा नाही. पण दामात त्या किरकोळ चढाचा फरक पडतो.

दिजोंहून निघणारा सायकलस्वार साधारणपणे डी ९७४ टाळून डी १२२ धरतो. हाच 'रूत दे ग्रां क्रू', १९३७ मध्ये आखलेला, फ्रान्समधल्या सर्वांत जुन्या वाइनमार्गांपैकी एक. मार्साने, फिक्सँ, ज्युव्रे-शांबेर्तां, मोरे-सँ-दनी, शांबोल-म्युझिनी, व्हुजो. गावांच्या जोडनावांमागे जाहिरातीची अक्कल आहे. ज्युव्रेने १८४७ मध्ये आपल्या हद्दीतल्या सर्वांत नावाजलेल्या मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं. त्यानंतर बाकीच्या गावांनी तोच कित्ता गिरवला. न्युईनेही १८९२ मध्ये 'सँ-जॉर्ज' लावून घेतलं.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कमरेइतक्या दगडी भिंती, वळणापलीकडचं काही दिसत नाही. व्होन-रोमाने गावाच्या मागे एका बुटक्या भिंतीवर दगडी क्रूस उभा आहे. त्याच्यामागे रोमाने-कोंती, १.८ हेक्टर. या तुकड्यातून वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि एकेकीची किंमत लाखो रुपयांत जाते. मालकांनी तिथे नम्र शब्दांत पाटी लावली आहे: तुम्ही पाहायला येता हे आम्ही समजू शकतो, पण रस्त्यावरच थांबा. ना पहारेकरी, ना तारेचं कुंपण. शेजारच्या तुकड्यातल्या वेलीही अगदी तशाच दिसतात, उंचीही तीच, आणि तिथली वाइन किमतीत कितीतरी खाली.

बोन हे या पट्ट्याचं मुख्य गाव. १४४३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा कारभारी निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी इथे गरिबांसाठी रुग्णालय बांधलं. रंगीत कौलांचं त्याचं छप्पर आज पर्यटकांच्या प्रत्येक फोटोत असतं. रुग्णालयाला लोक द्राक्षमळे दान करत गेले आणि १८५९ पासून त्या मळ्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव होतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. त्या दिवसांत सायकलने बोनमध्ये शिरायचा विचार करू नये.

एरवी मात्र बोनच्या दक्षिणेला सायकलची चैन आहे. 'व्हुआ दे व्हीन्य' हा सायकलमार्ग सुमारे वीस किलोमीटर मळ्यांमधून जातो: पोमार, व्होल्ने, मरसो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे, सांतने. मार्ग म्हणायचं, पण मुळात या शेतवाटाच. ट्रॅक्टरच्या वजनाने आणि पावसाच्या लोंढ्याने खचू नयेत म्हणून काँक्रीट आणि डांबर घातलेल्या. त्यामुळे त्यांच्यावरचा खरा हक्क कोणाचा, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असतं. वळणावर समोरून येणारा ट्रॅक्टर आपल्याकडच्यासारखा नसतो. वेली एकमेकींपासून मीटरभर अंतरावर, हेक्टरी सुमारे दहा हजार. मधून साधा ट्रॅक्टर जाणं शक्य नाही. म्हणून हा उंच पायांचा ट्रॅक्टर वेलींच्या ओळीवर फेंगडा उभा राहून चालतो आणि चालक माणसाच्या डोक्याच्या वर बसलेला असतो. तो आला की सायकल थांबवून गवतात उतरायचं.

वेलींच्या या सरळ ओळी सनातन वाटतात, पण तशा नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाऊन टाकली. त्याआधी इथे वेली दाटीवाटीने, कशाही वाढत. जुन्या वेलीची फांदी जमिनीत दाबून नवी करत. कीड आल्यावर अमेरिकी मुळांवर कलमं बांधून सगळे मळे नव्याने लावावे लागले, तेव्हा घोड्याचा नांगर चालावा म्हणून ओळी आल्या.

सप्टेंबर हा दिसायला सर्वांत सुंदर आणि सायकलला सर्वांत त्रासाचा महिना. तोडणी चालू असते. मजुरांच्या व्हॅन वाटेत उभ्या असतात, ट्रॉल्यांमधून सांडलेली द्राक्षं चाकाखाली चेंगरून रस्ता चिकट होतो, पाऊस पडला तर मळ्यातली माती डांबरावर येते. ही माती फुकट जाऊ देत नाहीत. वादळी पावसाने खाली वाहून आलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर नेऊन टाकायची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. ग्रां क्रूची माती महामार्गाच्या खाली गेलेली कोणाला परवडेल?

रोड सायकलवाल्यांच्या दृष्टीने खरी मजा मळ्यांच्या वर आहे. धारेला जागोजागी खिंडीसारख्या घळी आहेत. त्यांना 'कोंब' म्हणतात. त्यांतून रस्ता वर चढतो आणि 'ओत-कोत' या मागच्या पठारी मुलखात पोचतो: कुरणं, झाडी, छोटी गावं, काळ्या मनुकांसारख्या कासिसची शेतं आणि अधूनमधून द्राक्षमळे. इथे आल्प्ससारखा वीस किलोमीटरचा घाट नाही. एक-दोन किलोमीटरचा चढ, तेवढाच उतार, वळण, पुन्हा चढ. नवख्या माणसाला यात काय कठीण, असं वाटतं. हिशेब करून पाहावा. पायथ्याच्या २३० मीटरवरून ४०० मीटरवर जाणं म्हणजे १७० मीटरची चढाई. दिवसभरात कोत आणि ओत-कोत यांच्यामध्ये असं सहा वेळा वर-खाली केलं की हजार मीटर झाले. म्हणजे एक भलामोठा घाट, फक्त तुकड्या-तुकड्यांनी. शिवाय घाटात जशी एक लय सापडते तशी इथे सापडत नाही. श्वास जुळतो न जुळतो तोच उतार येतो.

पुण्या-नाशिकच्या ज्या सायकलपटूंनी बीआरएम केल्या आहेत, त्यांना हे गणित चांगलं माहीत असतं. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या या राइड्सना शेवटी मान्यता देतो तो १९०४ मध्ये स्थापन झालेला पॅरिसचा ओदाक्स क्लब, आणि त्यांचं परमोच्च टोक म्हणजे दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातून तिथे मोठ्या संख्येने लोक गेले. त्या मार्गावर वाइनचे मळे नाहीत, उंच पर्वतही नाही. तरी बाराशे किलोमीटरमध्ये अकरा-बारा हजार मीटरची चढाई भरते, ती सगळी अशाच लहानसहान टेकड्यांची.

सांतनेच्या पुढे दक्षिणेला जमीन बदलत जाते. जिव्री ते क्ल्युनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये ४४ किलोमीटरचा सायकलरस्ता झाला. फ्रान्सची ही पहिली 'व्हुआ व्हेर्त'. आगगाडीला चढ मानवत नाही, त्यामुळे रस्ता खालून खालून, लहान मुलांनाही झेपेल असा जातो आणि मळे कडेच्या टेकड्यांवर राहतात. ज्याला वाइन समजून घ्यायची असेल त्याला रुळांची वाट सोडून वर वळावंच लागतं. ९१० मध्ये स्थापन झालेल्या क्ल्युनीच्या मठाचं चर्च रोममधलं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. आता त्याचा थोडाच भाग उभा आहे. क्ल्युनीच्या पुढे बुआ क्लेरचा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा आहे. हिवाळ्यात तो सायकलींना बंद असतो, कारण तेव्हा आत वटवाघळं झोपलेली असतात. त्या महिन्यांत डोंगर चढून पलीकडे जायचं.

पलीकडे माकोने, आणि सोल्युत्रेचा ४९३ मीटर उंचीचा कडा. राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितरां दरवर्षी वसंत ऋतूत पेंतकोस्तच्या सणाला तो चढत असत. कड्याच्या पायथ्याशी पुयी-फ्युइसेचे मळे. इथल्या २२ क्लिमांना 'प्रीमिए क्रू' हा दर्जा मिळाला तो थेट २०२० मध्ये.

आणखी खाली बोजोले. चुनखडी संपून ग्रॅनाइट येतो आणि पिनो न्वारच्या जागी गामे ही द्राक्षाची जात. हा बदल नुसता मातीचा नाही. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये गामेला हलकट ठरवून आपल्या मुलखातून ती उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. दक्षिणेच्या ग्रॅनाइटवर ती टिकली आणि आज तिथल्या दहा क्रू-गावांचं पोट तिच्यावर चालतं. बोजोलेतल्या टेकड्या कोतपेक्षा उंच आणि आडव्यातिडव्या. त्यांतली ब्रुयी टेकडी ४८४ मीटरची. माथ्यावर १८५७ मधलं प्रार्थनास्थळ आहे, वेलींवरच्या भुरी रोगापासून रक्षण व्हावं म्हणून बांधलेलं. 'पॅरिस-नीस' ही शर्यत २०१६ मध्ये या माथ्यावर यायची होती, पण बर्फामुळे तो टप्पा रद्द झाला. पुढच्या वर्षी इथेच वेळचाचणी ठेवली आणि ज्युलियन अलाफिलिपने ती जिंकली. शेवटच्या तीन किलोमीटरचा चढ पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

शॅम्पेनच्या प्रदेशात अलाफिलिपने याहून मोठा डाव साधला. २०१९ च्या टूरचा तिसरा टप्पा एपर्ने गावात संपत होता. शेवटाच्या पंधरा-सोळा किलोमीटर आधी म्युतिन्यीचा चढ, लांबी ९०० मीटर, पण सरासरी १२.२ टक्के. तिथे त्याने हल्ला केला, एकटा सुटला, टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सी मिळवली. २०१४ नंतर ती प्रथमच फ्रेंच खेळाडूच्या अंगावर आली होती. २०२४ मध्ये न्युई-ज्युव्रेच्या वेळचाचणीनंतर दोनच दिवसांनी टूर त्रुआच्या परिसरात पोचली आणि शॅम्पेनच्या मळ्यांमधल्या पांढऱ्या कच्च्या वाटांवर धावली. १४ तुकडे, मिळून ३२ किलोमीटर खडी-धूळ. विजेता अँथनी त्युर्जिस. त्याआधी २०२१ मध्ये बोर्दोजवळच्या लिबुर्न ते सँतेमिल्यों या वेळचाचणीत वाउट व्हान आर्ट पहिला आला होता. टूरच्या नकाशावर द्राक्षमळे असे पुन्हा पुन्हा येतात. एक तर टीव्हीवर छान दिसतात, आणि दुसरं म्हणजे जिथे वेल चांगली रुजते तिथे जमीन सहसा तिरकी असते.

वाइन आणि टूर यांचं नातं मात्र सरळ नाही. १९५० च्या टूरमध्ये अल्जीरियाचा अब्देल-कादेर झाफ पेर्पिन्यां ते नीम या टप्प्यावर भर उन्हात बराच पुढे होता. लांगदॉकच्या मळ्यांच्या त्या रस्त्यावर तो झोकांड्या खाऊ लागला, झाडाखाली कोसळला, उठला आणि उलट्या दिशेने निघाला. बागेतल्या मजुरांनी दिलेली वाइन प्यायल्याने त्याला चढली, असा किस्सा फ्रान्सभर पसरला. झाफ मुसलमान होता. आपण प्यालोच नव्हतो, शुद्धीवर आणण्यासाठी लोकांनी अंगावर वाइन शिंपडली, असं तो सांगे. तो टप्पा त्याचाच सोबती मार्सेल मोलिनेस जिंकला. नाव मात्र झाफचं झालं, आणि तेही न प्यायलेल्या वाइनमुळे.

१९९१ च्या एव्हँ कायद्याने फ्रान्समध्ये खेळांना मद्याचं प्रायोजकत्व घेता येत नाही. तरी टूरने चिलीच्या एका वाइन कंपनीशी करार केला होता, फ्रान्सबाहेरच्या जाहिरातीपुरता. २०१६ मध्ये दक्षिणेतल्या ओद विभागातल्या बागायतदारांनी त्याविरुद्ध टूर अडवण्याची धमकी दिली. आमच्या मळ्यांमधून धावायचं आणि नाव परक्या वाइनचं लावायचं, हे त्यांना रुचलं नाही.

हौशी सायकलस्वारालाही कायदा लागू आहे. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा मोटारीप्रमाणे सायकललाही आहे. तळघरात चव घेताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्याचा वापर करण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दुपारी बारा ते दोन तळघरं बहुधा बंद. दमून गेलेल्याने दिजों, ज्युव्रे, न्युई, बोन यांना जोडणारी स्थानिक आगगाडी पकडावी. तीत सायकल नेता येते.

आता ही प्रतवारीच हलू लागली आहे. बोनमध्ये द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासून मिळतात. संशोधकांनी २०१८ पर्यंतची ती मालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली. काही वर्षी तर ऑगस्टमध्येच कात्र्या चालू झाल्या. मधल्या उतारावर द्राक्षं लवकर आणि जास्त गोड पिकतात, आंबटपणा टिकवणं अवघड होतं. उलट ओत-कोत, जिथली द्राक्षं थंड वर्षी पिकतच नसत आणि जिला स्वतंत्र नाव मिळायला १९६१ उजाडावं लागलं, तिथे आता खालच्या गावांतले नामांकित उत्पादक जमीन शोधत आहेत. ओसे-द्युरेसहून चढत जाऊन कड्याखाली वसलेलं सँ-रोमँ, जे पूर्वी थंडीसाठीच ओळखलं जाई, तिथल्या वाइनची आता मुद्दाम चौकशी होते.

कायद्याने मात्र उताराच्या पायऱ्या अजून जुन्याच जागी आहेत. त्या बदलायच्या तर गावाला अर्ज करावा लागतो, एकेका क्लिमाची माती, उंची आणि जुन्या नोंदी मांडाव्या लागतात आणि वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पुयी-फ्युइसेला दशकाहून जास्त काळ लागला. उत्तर टोकाच्या मार्सानेनेही आपल्या काही तुकड्यांसाठी प्रीमिए क्रूची मागणी केली आहे.